शेपटीवरचे सात ग्रॅम

मा. संपादक,

ग्लायडरच्या मॉडेलवरील आपल्या पुरवणीतील लेखात सल्ला होता की वजन मागे सरकवले की शेपटीही पंखासारखा भार उचलते आणि मॉडेल जास्त वेळ तरंगते. हे अर्धेच खरे आहे, आणि नवख्याचे मॉडेल मोडायला तेवढे पुरते.

हिशेबच मांडू. पंख 100 सेंमी लांब, 15 सेंमी रुंद आणि बेताच्या बाकाचा. आडवी शेपटी 40 बाय सव्वासहा सेंमी, पंखापासून 45 सेंमी मागे. वजन 300 ग्रॅम. संथ उड्डाणात गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून 5 सेंमीवर असला तर शेपटीवर भार जवळपास शून्य. 6 सेंमीवर नेला तर ती वर उचलते, पण जेमतेम 7 ग्रॅम. साडेचारवर आणला तर 3 ग्रॅम खाली दाबते. याच मॉडेलला वेग दीडपट येईल असे ट्रिम केले, म्हणजे शेपटीचा कोन तसा बसवला, तर 6 सेंमीवरच्या वजनानेही शेपटी किंचित खालीच दाबू लागते. म्हणजे ‘उचलणारी शेपटी’ ही कायमची जात नव्हे.

ड्रॅगचेही, म्हणजे हवेच्या अडथळ्याचेही, तसेच. शेपटीची लांबी पंखाच्या दोन पंचमांश, म्हणून तेवढीच लिफ्ट (उचल) तिच्याकडून घेतली तर लिफ्टपायी येणारा ड्रॅग सव्वासहा पट पडतो. पण 7 ग्रॅमांना तो नगण्यच. खरा खर्च शेपटीच्या पृष्ठभागावरच्या घर्षणाचा, आणि तो गुरुत्वमध्य कुठेही असला तरी द्यावाच लागतो. मग शेपटीच निम्मी करावी? या मॉडेलचा उदासीन बिंदू, म्हणजे गुरुत्वमध्य ज्याच्या मागे गेला की मॉडेल अस्थिर होते ती जागा, साडेसात सेंमीच्या आसपास आहे. शेपटी निम्मी केली की तो पावणेसहाच्या जवळ येतो आणि 6 सेंमीवरचे वजन त्याच्या मागे पडते. असे मॉडेल एकदा नाक खाली गेले की सावरत नाही.

म्हणून आधी वजन, मग कोन. सुरुवात 5 सेंमीपासून करावी. गुरुत्वमध्य पाऊण सेंमी पुढे आणायला, नाक गुरुत्वमध्याच्या 20 सेंमी पुढे असेल तर, सुमारे 12 ग्रॅम शिसे लागते. वारा नसताना, नाक किंचित खाली ठेवून, जोर न लावता सोडावे. नाक वर करून स्टॉल झाले, म्हणजे वेग मंदावून पंखाची उचल तुटली, तर शेपटीच्या पुढच्या कडेखाली पातळ पुठ्ठा द्यावा, डुबकी घेतली तर मागच्या कडेखाली. 1 मिमी म्हणजे जवळपास एक अंश. एका वेळी 0.3 मिमीपेक्षा जास्त नको.

रेडिओचे मॉडेल असेल तर भरपूर उंचीवर तीस अंशांची डुबकी द्यावी आणि स्टिक सोडावी. झटक्यात वर आले तर वजन पुढे जास्त आहे. संथपणे सावरले तर ठीक. डुबकी आणखी खोल होत गेली तर लगेच स्टिक ओढून उतरवावे आणि नाकात शिसे घालावे. तिथे शेपटीचा कोन बदलून काही साधत नाही.

आपला,
एक वाचक