माळ्यावरची चार चाकं

खानापूर, रविवार

बाळ्या,

चार महिने फोन नाही, मेसेज नाही, आणि आता एकदम पत्र. घाबरू नको, पैसे मागत नाही. फोन केला असता तर तू पहिल्या वाक्यालाच हसला असतास आणि मला पुढचं बोलताच आलं नसतं. म्हणून कागद. आमच्याकडं सगळे बरे. आईची शुगर आहे तिथंच, माझा गुडघा पाऊस पडला की बोलतो.

झालंय असं, की आप्पा गाडीत बसेनात.

सरळ म्हणत नाहीत. दर महिन्याला मणक्याच्या डॉक्टरांकडं बेळगावला जायचं असतं, तर आदल्या रात्रीच सुरू, "तू कशाला रजा काढतोस, मी लाल बसनं जातो की. बसमध्ये चार ओळखीचे भेटतात." वय ७४, आणि खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरणार! परवा मी चिडलो, तर आई आतून म्हणाली, "त्या नव्या चाकांनी त्यांचं कंबरडं मोडतंय. तुला वाईट वाटंल म्हणून गप्प बसलेत."

हस आता. गोगटे सर्कलच्या चहाच्या गाड्यावर पाऊण तास भांडलो होतो, आठवतंय? बिस्किटाच्या कागदावर तू हिशेब मांडलास. जुना टायर १६५/८० आर १४, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची भिंत तिच्या ८० टक्के, १३२ मिलिमीटर, आणि रिम १४ इंची. मी घेत होतो तो १९५/५५ आर १६, त्याची भिंत १०७. "गाढवा, एक इंच हवा काढून टाकतोयस," म्हणालास. मी म्हटलं, भिंत घटली तेवढी रिम वाढली, चाकाची एकूण उंची तेवढीच राहते, दोन्ही ६२ सेंटिमीटर, स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही, गाडी खाली बसणार नाही. ते खरंच होतं. मग तू फॉर्म्युला वन काढलास, २०२१ पर्यंत त्या गाड्या १३ इंची रिमवर जाड भिंतीचे टायर घालून पळायच्या म्हणून. मी म्हटलं, मग २०२२ ला १८ इंची का केली? "तिथं खड्डे आहेत का रे?" चहाचे पैसे मात्र मीच दिले, हे विसरू नको.

आणि खोटं कशाला बोलू, गाडी वळते लई भारी. आधी स्टिअरिंग फिरवलं की टायरची भिंत एका अंगाला कलायची, मग गाडी वळायची. तुमच्या अण्णांना हाक मारली की ते आधी खाकरतात, मग उठतात, तसं. आता भिंत आखूड आणि ताठ, त्यामुळं हात हलला की गाडी हलली. पहिल्या महिन्यात चोर्ला घाटात तीनदा जाऊन आलो, गोव्यात काम एकदाही नव्हतं. पण बारीकसारीक दणके शॉकअपपर्यंत जायच्या आत टायरच्या पोटातली हवाच गिळायची, ते गेलं. आता खडी असो की ठिगळ, सगळं सीटमधून वर येतं. हायवेवर काही वाटत नाही. आपल्या गावातल्या रस्त्यावर तीसच्या स्पीडला दात वाजतात. मला गंमत वाटायची. शेजारी आप्पा हँडल धरून बसलेले असायचे, मी बघितलंच नाही.

तर आईचं ऐकून मी काय शहाणपणा केला? दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय त्यापेक्षा पाच पौंड हवा कमी केली. म्हटलं, तेवढीच मऊ. आणि आप्पांना मनवून कणकुंबीच्या माऊलीला घेऊन निघालो. जांबोटीच्या पुढं पाऊस असा, की खड्डा कुठला आणि डबकं कुठलं कळेना. डावं पुढचं चाक गेलं आत. धाड! हवा कमी, भिंत आखूड, त्यामुळं खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये रबर चेचलं. उतरून बघतो तर भिंतीवर लिंबाएवढा फुगा, आतले दोरे तुटलेले. तो टायर गेलाच, त्याला ठिगळ लागत नाही. रिमही वाकली. मऊ करायला गेलो आणि मीच मारला.

स्टेपनी अजून जुनी, १४ इंचीच. ती चढवली. आप्पा माझ्यावर छत्री धरून उभे, स्वतः भिजत. माऊली राहिली, हळूहळू घरी फिरलो. डावं पुढचं चाक म्हणजे त्यांच्या पायाखालचंच. जांबोटी मागं टाकल्यावर म्हणतात, "आज गाडी बरी चालते की रे." मी काही बोललो नाही.

टायरवाला म्हणतोय १५ इंची घाल, १८५/६५, वरच्या मॉडेलला कंपनीच द्यायची, भिंत १२० मिलिमीटर. पण परत चार रिमा विकत घ्यायच्या, आणि मागचेच हप्ते चालू आहेत. सुमनला वाकलेल्या रिमचं सांगितलंय, किमतीचं नाही.

माझी जुनी चार चाकं वडगावला तुमच्या माळ्यावर आहेत ना? तूच म्हणालेलास, "ठेव, लागतील." त्यावरचे टायर नकोत. बाजूचे शेवटचे चार आकडे १४१६ आहेत, म्हणजे २०१६ चा चौदावा आठवडा, रबराचं लाकूड झालं असंल. नुसत्या लोखंडी रिमा पाहिजेत. उरलेली तीन नवी अलॉय चाकं घेणारा कोण हौशी असला तर बघ, तुझ्यासारखा शहाणा नको.

वाकडचा फ्लॅट ताब्यात मिळाला का? चिमीचं दहावीचं वर्ष, तिला जास्त बोलू नको. वहिनींना नमस्कार, कुंदा पाठवतो.

आप्पांना अजून काही सांगितलेलं नाही. गुरुवारी त्यांची डॉक्टरची तारीख आहे, आणि सकाळच्या बसची वेळ त्यांनी विचारून ठेवलीय. बुधवारच्या आत काकूंना फोन करून माळ्याची किल्ली काढून ठेवायला सांग.

तुझा,
दिल्या