रक्तदाब पाहणी: रविवारी निघण्याआधी वाचा

सर्व सभासदांना नमस्कार. कम्युनिटी मेडिसिन (जनआरोग्य) विभागाच्या घरोघरच्या पाहणीसाठी रविवारी सकाळी 8 वाजता नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर वस्तीत जमायचे आहे. संमतीपत्र आधी मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवा. अंगठा असेल तर साक्षीदार हवाच. कुणी नाही म्हटले तर आग्रह नको, तो त्यांचा हक्क आहे.

माप घेण्याआधी माणसाला 5 मिनिटे शांत बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. ताई नुकत्याच पाण्याचा हंडा उचलून आल्या असतील तर थांबा. दमलेल्या माणसाचा आकडा फसवतो. दोन मापे, मध्ये 1 मिनिट. 140/90 किंवा वर आले तर घाबरवू नका, नागरी आरोग्य केंद्राची चिठ्ठी हातात द्या. मागच्या खेपेला एका आजींची चिठ्ठी माझ्या पिशवीतच राहिली, अजून मनाला लागते. मशीनचे सेल शनिवारीच तपासा.