घाबरट कुत्र्याला एकट्यालाच फिरवा

संपादक साहेब,

पुण्यात सकाळी कुठल्याही सोसायटीबाहेर बघा, एकेक डॉग वॉकर चार-पाच कुत्री एकदम घेऊन निघालेला असतो. शांत कुत्र्यांचं चालून जातं, पण जे मुळात घाबरट आहे, दुसरं कुत्रं किंवा बाईक दिसली की भुंकत अंगावर जातं, त्याला त्या घोळक्यात ओढत नेणं म्हणजे फार हाल आहेत हो त्याचे. लोक म्हणतात माजलंय, पण बऱ्याचदा ती भीतीच असते आणि पट्टा बांधलेला, लांब पळता येत नाही, म्हणून ते अजूनच चवताळतं.

अशा कुत्र्याला एका माणसाने एकट्यालाच न्यावं, वर्दळ कमी असताना, छातीला बसणारा हार्नेस घालून. समोरून दुसरं कुत्रं येताना दिसलं की आपल्या कुत्र्याने भुंकायच्या आतच रस्ता ओलांडायचा, शांत राहिलं की लगेच खाऊ द्यायचा, आणि मग हळूहळू, घाई न करता दुसऱ्या कुत्र्यांपासूनचं अंतर कमी करत जायचं. चोक चेनला (ओढली की गळा आवळणाऱ्या साखळीला) हिसके देऊन भीती वाढतेच. आपल्याकडे गल्लोगल्ली भटकी कुत्री, त्यांचे इलाके ठरलेले, त्यामुळे रूटही बघूनच निवडावा लागतो.

एकट्याला फिरवायचे वॉकर जास्त पैसे घेतात, मान्य, पण म्हणून त्याला बाल्कनीत बांधून ठेवू नका. कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. आणि सोसायटीवाल्यांनो, अशा कुत्र्याच्या मालकाला नोटीस पाठवण्यापेक्षा लिफ्ट एकट्याने वापरू द्या ना.

- एक श्वानप्रेमी, पुणे