मस्कतमधले बैत अल झुबैर

मस्कत

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हिवाळ्यात तुम्ही इकडे आलात की मॉल वगैरे दाखवण्याआधी तुम्हाला जुन्या मस्कतमधल्या बैत अल झुबैर या संग्रहालयात न्यायचे, असे मी ठरवून टाकले आहे. हे संग्रहालय सरकारी नव्हे. झुबैर घराण्याने आपला खासगी संग्रह १९९८ साली लोकांसाठी खुला केला आणि तोही १९१४ मध्ये बांधलेल्या आपल्याच घरात. तिथे खंजीर, पोशाख आणि चांदीचे दागिने काचेच्या कपाटांत मांडलेले आहेत. इकडच्या जुन्या दागिन्यांची पुष्कळशी चांदी ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या छापाची युरोपीय नाणी वितळवून मिळवलेली असे, हे बाबांना आवडेल.

मी रेंगाळले ती मात्र त्याच आवारातल्या बैत दलालीलमध्ये. शंभर वर्षांपूर्वीचे ओमानी कुटुंब कसे राहत असे, हे दाखवण्यासाठी हे जुने घर नीट डागडुजी करून पूर्वीसारखे लावले आहे. मजलिस म्हणजे पाहुण्यांची बैठक. आलेल्या माणसाची नजर घरातल्या बायकांच्या वावरावर पडू नये, म्हणून ती इकडे बाकीच्या घरापासून वेगळी ठेवण्याची पद्धत आहे. तिथे वेलदोड्याचा कहवा, म्हणजे अरबी कॉफी, बिनकानाच्या चिमुकल्या पेल्यांत घोटभरच ओततात, आणि पाहुण्याने रिकामा पेला हलवून ‘पुरे’ अशी खूण केली नाही, तर यजमान ओततच राहतो. आई, तुझ्या आग्रहाला ही खूण लागू पडेल असे मला वाटत नाही!

या घरात खजुराचे कोठारही आहे. अशा कोठारात खजुराची पोती एकावर एक रचून ठेवत. उष्म्याने आणि वरच्या पोत्यांच्या भाराने खालच्या खजुरातून पाक झिरपे आणि जमिनीत कोरलेल्या पन्हळींतून वाहत कोपऱ्यातल्या भांड्यात जमा होई. चूल नाही, गाळणे नाही. उन्हाळ्याने नुसता ताप न देता काही कामही करावे, असा हा हिशेब मला फार आवडला.

ओमानी घरांत दिसणाऱ्या लाकडी पेट्यांना इथे मंदूस म्हणतात. जाड लाकूड, समोर पितळी खिळ्यांची दाट नक्षी आणि तळाशी छोटे खण. अशा कितीतरी पेट्या आपल्या पश्चिम किनाऱ्यावर घडून गलबतांतून इकडे आल्या, आणि व्यवहारात तर १९७० पर्यंत इथे रुपयाच चालत होता. त्यामुळे परक्याच्या घरात शिरल्यासारखे मला फारसे वाटले नाही. एवढेच खटकले की घर फार स्वच्छ आहे. नांदत्या घराच्या भिंतींवर धूर आणि हातांचे डाग असायचेच.

बाबा, माजघरातल्या आजीच्या पेटीचा समोरून एक स्पष्ट फोटो काढून पाठवा. तिच्यावरच्या खिळ्यांची नक्षी मला इथल्या पेट्यांशी ताडून पाहायची आहे.

तुमची,
ताई