जिन म्हणजे गिरणी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आमच्या गावच्या जुन्या जिनात थाटलेल्या कार्यालयांवर आपण अर्धे पान दिलेत. अभिनंदन. पण आपल्या प्रतिनिधींनी पहिल्याच ओळीत त्याची 'कापड गिरणी' करून टाकली आणि माझा चहा तिथेच निवला. अहो, त्या आवारात कधी वीतभरही कापड विणले गेले नाही. गिरण्या हिंगणघाटला, पुलगावला, बडनेऱ्याला, अचलपूरला. आमचे ते जिन-प्रेस. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापसातून सरकी वेगळी काढायची, रुई दाबून गाठी बांधायच्या आणि मुंबईकडे रवाना करायच्या. क्विंटलभर कापसात रुई भरते जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचे ओझे इतक्या लांब कोण वाहील? म्हणून तर वऱ्हाडात रेल्वेचे रूळ आले तसे जिन उभे राहिले. हे इथल्या कोणत्याही कास्तकाराने सांगितले असते, पण बहुधा विचारले फक्त आर्किटेक्टला.

इमारत पाडली नाही याबद्दल मालकांचे मनापासून आभार. नागपुरात १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आता मॉल आहे, त्यापेक्षा हे केव्हाही बरे. जुन्या भिंती राखल्या म्हणजे तेवढ्या विटा नव्याने भाजाव्या लागल्या नाहीत, हेही कबूल. पण आपण ज्याला 'शाश्वत' म्हणून चार वेळा गौरवले (मी मोजले), ते नेमके काय आहे, हे मी वैशाखात जाऊन पाहिले आहे.

माझी आई त्या जिनात अकरा हंगाम रेच्यावर होती. कापूस वरच्या माळ्यावर, सरकी खाली पडायची. चैत्रात अंगणात पाय भाजायचे तरी ती म्हणायची, "जिनात उकडत नाही रे, खोकला येते." खोकला रुईच्या तुसाचा, तो तिला शेवटपर्यंत पुरला. न उकडण्याचे कारण मला पुढे ओव्हरसियर झाल्यावर कळले. दोन फुटी भिंती चुन्यातल्या, खाली झरोके आणि वर आढ्यालगत लांबच लांब उघडी जाळी. तापलेली हवा जाळीतून वर निघून जायची, तिच्या जागी झरोक्यांतून दुसरी आत यायची. वीजबिल शून्य.

आता छतावर कवेलू आहेत, पण त्यांच्याखाली फॉल्स सीलिंग ठोकले आहे. जाळी बंद. झरोक्यांना न उघडणाऱ्या काचा. चुन्याच्या भिंतींवर आतून सिमेंटचा गिलावा. चुना ओल घेतो आणि सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. दोन पावसाळे जाऊ द्या, लोणा फुटून पोपडे गळतील तेव्हा रंग कंपनीला दोष देऊ नका. आणि एवढे सगळे बंद करून गार काय करते, तर एसी. छतावर सोलर आहे म्हणे. असेल.

मी गेलो त्या दुपारी दीडच्या सुमारास वीज गेली. जनरेटर घरघरला, खोकला आणि बसला. दहा मिनिटांत त्या काचेच्या डब्यात श्वास घेववेना. मग गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली ती सारी पोरे-पोरी लॅपटॉप उराशी धरून बाहेर आली आणि आवारातल्या कडुनिंबाखाली उभी राहिली. एकच निंब उरला आहे, बाकीचे पार्किंगने खाल्ले. आईच्या वेळी बाया दुपारची भाकर तिथेच सोडायच्या. एका पोरीने मला पाण्याची बाटली दिली, "काका, बसा" म्हणाली. पोर गुणाची होती, तिच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती दारातल्या रेच्याची. त्याला सोनेरी ऑइलपेंट फासून स्वागतकक्षात उभा केला आहे. त्याचा चामड्याचा रूळ गायब आहे. रुळाशिवाय रेचा म्हणजे पात्याशिवाय विळा! आपल्या छायाचित्रात तो आहे आणि खाली ओळ आहे, 'पुरातन यंत्रमाग'. यंत्रमाग!

जाता जाता एक. शकुंतला या आमच्या छोट्या रेल्वेच्या बंद स्टेशनाबद्दल मी आपल्याला दोन पत्रे पाठवली, एकही छापले नाही. तिथल्या सागवानी खिडक्या एकेक करून जात आहेत. हे पत्र लांबले तर कापा, पण 'यंत्रमाग' दुरुस्त केल्याची चौकट पहिल्या पानावर हवी. तिसऱ्या पानाच्या तळाशी, शोकसंदेशांच्या खाली नको.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर
जि. यवतमाळ