अंबाबाईच्या हातात कमळ नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातल्या रंगवलेल्या भिंतींवर अंबाबाई, राजर्षी शाहू, कुस्ती, ‘मुलगी शिकवा’, ‘पाणी वाचवा’ हे विषय पुन्हा पुन्हा येतात. यायलाच हवेत, ते आपलेच आहेत. पण एका भिंतीवरून दुसरीवर चित्र उतरते तशी त्यातली चूकही उतरते.

कमळावर बसून नाणी सोडणारी कॅलेंडरातली लक्ष्मी काढायची आणि खाली ‘श्री अंबाबाई’ लिहायचे, हे थांबले पाहिजे. करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, मूर्ती उभी, चतुर्भुज आहे. उजवीकडे खालच्या हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचे मोठे फळ), वरच्यात गदा. डावीकडे वरच्या हातात ढाल, खालच्यात पानपात्र (पिण्याचे पात्र). मस्तकावर नाग आणि शिवलिंग, मागे सिंह. साडी-दागिन्यांखाली यातले बरेच झाकले जाते, म्हणून आउटलाइन अलंकारांशिवायच्या मूर्तीच्या छायाचित्रावरून घ्यावी.

शाहू महाराजांचेही तेच. फेट्यातला चेहरा सगळीकडे, त्यांचे काम मात्र कुठे दिसत नाही. 26 जुलै 1902 चा 50 टक्के राखीव जागांचा आदेश, 1917 चे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, 1920 ची माणगावची अस्पृश्य परिषद यांवर भिंती रंगवता येतील.

आता भिंतीबद्दल. उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि ओल्या भिंतीवर रंग चढतो. पहिल्याच पावसाळ्यात खार (पांढरा क्षार) फुटतो, पापुद्रे सुटतात आणि ते नेमके देवीच्या किंवा महापुरुषाच्या चेहऱ्यावर. नवा गिलावा असेल तर किमान 28 दिवस थांबावे. दीड फुटाचा प्लास्टिक कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवावा. आतून थेंब जमले तर काम पुढे ढकलावे. जुना सुटा रंग तार ब्रशने खरवडावा, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि एक्स्टेरिअर इमल्शनचे दोन हात. ऑइल पेंट चकचकीत दिसतो, पण आतली वाफ अडवतो आणि फुगतो. पाठीमागे मातीचा भराव असलेली भिंत चित्रासाठी निवडूच नये, तिची ओल कधीच सरत नाही.

जमिनीपासून तीन फूट पट्टा साध्या दगडी रंगाचा ठेवावा. रस्त्याचा चिखल, पिचकाऱ्या तिथेच पडतात. लोकांनी लघवी करू नये म्हणून तिथे देवांच्या फरशा लावणे तर फार क्लेशदायक आहे. त्या जागी मुतारी हवी, देव नव्हे.

भित्तिचित्रांच्या निविदेत ओल तपासणी, रंगाचा प्रकार आणि मूर्तिशास्त्राच्या जाणकाराकडून कच्च्या रेखाटनाची मंजुरी, या तीन अटी महापालिकेने घालाव्यात, ही विनंती.

आपला,
एक भित्तिचित्रकार, शिवाजी पेठ, कोल्हापूर