उंबर तोडला, त्याच्याबरोबर काय काय गेलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रस्ता रुंदीकरणात तोडलेल्या झाडांच्या बदल्यात एका झाडामागे अमुक इतकी रोपं लावणार अशी बातमी तुमच्या पेपरात वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या गावच्या रस्त्याचंही तेच काम चालू आहे आणि गेल्या चैत्रात पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठचा जुना उंबर तोडला. तोडला त्या दिवशी तो फळांनी लगडलेला होता, पार खोडापासून घोसच्या घोस, आणि ती सगळी फळं जेसीबीच्या टायरखाली चिरडली. मोजणीला आलेल्या माणसाला मी म्हटलं अहो हे एक झाड तरी राहू द्या, तर म्हणाला काका याच्या लाकडाला काय किंमत नाय, जळवण पण धड होत नाय.

लाकडाचं त्याचं खरंच आहे. पण उंबर लाकडासाठी नसतोच मुळी.

लहानपणी आजी पिकलेलं उंबर हातात द्यायची नाही, आधी फोडायची, फुंकर मारायची, आतली चिलटं उडून जाऊ द्यायची, मग थोडा वेळ उन्हात ठेवून द्यायची. आम्हाला वाटायचं फळ किडलंय. ती कीड नव्हे हे मला फार उशिरा कळलं. उंबराला फूल दिसत नाही म्हणतात ना, तर फुलं असतात, शेकड्यांनी असतात, पण फळाच्या आत तोंड करून. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीकसं दार असतं आणि त्यातून दोनेक मिलिमीटरची एक गांधीलमाशीच्या जातीची माशी आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, म्हणजे परत बाहेर यायचा प्रश्नच नाही. ती दुसऱ्या उंबरावरून आणलेले पराग आतल्या फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंडी घातलेल्या फुलांत तिची पिल्लं वाढतात, बाकीच्या फुलांत बी धरतं. महिना-दीड महिन्याने आधी नर बाहेर येतात, त्यांना पंखच नसतात, ते आतल्या आत माद्यांशी जुगतात, फळाच्या सालीला भोक पाडून देतात आणि मरतात. त्या भोकातून पराग घेऊन माद्या उडतात आणि त्यांच्याकडे जगायला जेमतेम एक-दोन दिवस असतात.

आता या एक-दोन दिवसांत तिला दुसरा उंबर सापडायला हवा आणि तोही नेमका आत फुलं तयार असलेला. एका झाडाची सगळी फळं साधारण एकदम तयार होतात, पण शेजारच्या झाडाची वेळ वेगळी असते, म्हणूनच माशीची साखळी वर्षभर चालू राहते आणि म्हणूनच कुठे ना कुठे पिकलेले उंबर वर्षभर मिळतात. वाऱ्यावर स्वार होऊन त्या लांब जातात हे खरं, आफ्रिकेत नामिबियाच्या वाळवंटात एका उंबराच्या भाऊबंद झाडाच्या माश्या 160 किलोमीटरपर्यंत गेल्याचं सापडलंय. पण शेवटी तिकडे झाड उभं असायला हवं ना.

आणि यात चोरटेपण आहेत. दुसऱ्या काही माश्या आत न शिरता बाहेरूनच केसाएवढी लांब नळी फळात खुपसून अंडी घालतात, परागीकरण करत नाहीत, फुकटचं खातात. त्यांच्यावर ओंबील टपून असतात. मी स्वतः पऱ्याच्या उंबरावर बघितलंय, नळी खुपसलेली माशी चटकन उडू शकत नाही आणि ओंबील तिला तिथेच पकडते. लालभडक मुंगी आपल्याला चावते म्हणून आपण शिव्या घालतो, पण त्या झाडावर ती राखण करत होती.

खाणारे किती ते तर विचारूच नका. हरियाल, जो आपला राज्यपक्षी आहे, तांबट, बुलबुल, कोकीळ, वानरं, रात्री वटवाघळं आणि उदमांजर, खाली डोहात पडलेल्या फळांना मासे. सगळ्यात मला काळजी धनेशाची वाटते, जुनी माणसं त्याला ककणेर म्हणतात. वरच्या देवराईत एका म्हाताऱ्या आंब्याच्या ढोलीत त्याचं घरटं होतं. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत बसून तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते आणि कित्येक आठवडे तिला आणि पिल्लांना नर एकटा खायला आणून घालतो. उंबर, वड, पिंपळ ही त्याची मुख्य फळं. उंबर पडला त्याच दिवसांत मी तो नर पऱ्याच्या बाजूला येऊन, दोन घिरट्या घालून परत गेलेला पाहिला. पुढे त्याने कुठून आणलं, किती लांब गेला, मला माहीत नाही, पण ते दृश्य डोळ्यासमोरून जात नाही. आणि हेच पक्षी बिया विष्ठेतून लांब लांब टाकतात म्हणून नवीन झाडं उगवतात, नाहीतर एवढ्याशा बीला कोण नेणार?

म्हणून रोपांचा आकडा वाचून मला समाधान होत नाही. बहुतेक ठिकाणी गुलमोहर नाहीतर शोभेची झाडं लावतात, धनेशाला त्याचा काय उपयोग. लावायचंच असेल तर वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक लावा, वडाची तर जाड फांदी पावसाच्या तोंडावर पुरली तरी रुजते, नर्सरीचीही गरज नाही. पण तीही फळायला वर्षं जातात, तोपर्यंत उभी आहेत ती तरी ठेवा.

माझं एवढंच मागणं आहे की तोडायच्या यादीवर सही करण्याआधी कोणीतरी पक्षी-झाडं ओळखणारा माणूस जागेवर येऊन बघून जावा. आमच्या देवळाच्या वळणावर दुसरा उंबर आहे, त्याच्या खोडावरही लाल रंगाने नंबर टाकलाय. फळं अजून हिरवी आहेत, रस्ता तिथे दोन मीटर डावीकडे सरकवायला जागा आहे, मी स्वतः टेपने मोजली आहे. कृपया हे पत्र छापावं म्हणजे कदाचित वेळेत कोणाच्या तरी नजरेला पडेल.

आपला,
एक वाचक
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी